दिवेलागणीनंतरचं विरजण

॥ श्री ॥

कातळवाडी, रत्नागिरी
रथसप्तमी, २५ जानेवारी २०२६

चि. सौ. मृणाली,

माझा आणि ह्यांचा आशीर्वाद. सुजय भाऊजींची कंबर आता बरी असेल.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय असं समजू नकोस. फोनवरचं बोलणं हवेत जातं, मग कोण काय म्हणालं ह्यावर दोघी दोन शपथा घेतात. लिहिलेलं राहतं. पाकिटातून पाठवतेय, आंतरदेशीय घेतलं नाही. आंतरदेशीयाच्या कडेला डोळा लावून आतलं वाचणारी माणसं आपल्या पोस्टाच्या बाकावर बसलेली असतात, हे तुला सांगायला नको.

इकडे सगळं ठीक आहे. माघी गणपती झाला. मोदकांना नारळ घरचेच वापरले. ह्यांनी ऑक्टोबरात छाटणी वेळेवर केली, त्यामुळे द्राक्षाच्या मांडवावर यंदा भुरीचा रोग आला नाही, घड चांगले धरलेत. मामंजींनी नाशकाकडून ओल्या गोणत्यात गुंडाळून काड्या आणल्या आणि डोक्यावरून माती वाहून कातळावर मांडव घातला, तेव्हा अख्खी वाडी गडग्यावर बसून हसली होती म्हणतात. आता त्यातलीच माणसं पाहुणे आले की बाटली मागायला येतात, आणि मागताना आवाज बारीक करतात. ती दारू म्हणतात, लायसनवर वाइन लिहिलंय, मी रस म्हणते. तुला माहीत आहे, मी कधी थेंब जिभेला लावलेला नाही. नुसता हिशेब आणि राखण एवढंच माझं काम.

सूनबाई ऋतिका कामाला वाघ आहे. मिरजोळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि येऊन पुन्हा घरातलं बघते. सांगितलेलं एक इकडचं तिकडे करत नाही. लग्न होऊन मे महिन्यात वर्ष होईल, अजून उलट शब्द नाही. फार गोड माणसांची मला भीती वाटते, पण ते असो.

आता मुद्द्याचं. आमचा अजिंक्य मागच्या आठवड्यात तुमच्याकडे गुहागरला येऊन गेला. तू त्याला भाकरी-कालवण केलंस, आभारी आहे. जेवणाआधी कसलातरी रस पेल्यातून दिलास. तो इथे येऊन म्हणाला, "आई, काकूच्या पेल्याला आपल्या कोठीचा वास होता." पोरगं साधं आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र आलं.

म्हणून विचारते, राग मानू नकोस. भाद्रपदातल्या गणपतीनंतर, ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वेगळं घर करायला निघालात. सासूबाईंनी डोळे मिटण्याआधी सांगितल्याप्रमाणे मळा आमच्याकडे, गुहागरची सुपारीची वाडी तुमच्याकडे, त्यात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पितृपक्षात नवी चूल मांडू नका म्हणून मी सांगितलं, ते ऐकलं नाहीत, तेही सोडलं. मी तुझी रीतसर ओटी भरली, हात आखडला नाही. टेम्पो सुरू झाला तशी तू "देवाला नमस्कार करून येते" म्हणत पुन्हा आत गेलीस. देवघराच्या शेजारीच कोठीची खोली. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या पदराखाली काहीतरी होतं. दोन्ही हातांनी धरलेलं.

काय होतं ते सहज कळवलंस तर बरं. सहजच विचारतेय.

तुझी
गुणवंती वहिनी

•

कातळवाडी
संकष्टी, ५ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मृणाली,

उत्तर नाही. म्हणजे पत्र पोचलंय. न पोचलेल्या पत्राचं उत्तर येत नाही ते वेगळं आणि पोचलेल्याचं येत नाही ते वेगळं, एवढं मॅट्रिक झालेल्या बाईलाही कळतं.

आज उपास आहे, चंद्रोदयाला वेळ आहे. आडपडदा न ठेवता लिहिते.

विरजण गेलं.

कुठलं, ते तुला सांगायची गरज नाही, पण विसरल्यासारखं दाखवणारी माणसं असतात म्हणून पहिल्यापासून लिहिते. मामंजींचा पहिल्या वर्षीचा सगळा रस नासला होता. दुसऱ्या वर्षी थोडा बरा झाला, तेव्हा सासूबाईंनी पिंपाच्या तळचा गाळ टाकू दिला नाही. "दह्याचं विरजण ठेवते ना मी, तसं हे ठेवते," म्हणाल्या. मामंजी हसले. पुढच्या शिमग्याला त्याच गाळावर नवा रस घातला आणि मग आजपर्यंत हसायची वेळ आली नाही. त्या दिवसापासून ह्या घरात दह्यालाही विरजण आणि त्यालाही विरजण. मांडव पुरुषांचा, बरणी बायकांची. गुढीपाडव्याला बरणीचं तोंड बांधायचं, पिठाची खळ लिंपायची, आणि माघी गणपती होईपर्यंत हात लावायचा नाही. सासूबाई गेल्या तेव्हा बरणी माझ्याकडे आली. थोरली म्हणून.

तर गणपती झाल्यावर मी कोठीत गेले. बरणी जागच्या जागी होती. पण तोंडावर खळ नव्हती. फडकं नवं, धुतलेलं. आणि गाठ माझी नव्हती. मी साधी दुहेरी गाठ मारते. ही सुरगाठ होती, फुलासारखी, भेटवस्तूच्या डब्यावर असते तशी. फडकं सोडलं तर आत कोरडं ठणठणीत, आणि तळाला मिठाचे चार पांढरे खडे.

मीठ. विरजणात मीठ पडलं की ते मरतं. हे बाजारातल्या बाईला कळणार नाही. ह्या घरात नांदलेल्या बाईला कळतं.

मी कुणालाही बोललेले नाही. ह्यांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीवर चर्चा. अजिंक्यच्या पोटात काही राहत नाही. ऋतिका दिवसभर कारखान्यात चाळीस बायकांत बसते. बरणी पुन्हा झाकली, वर सूप पालथं घातलं आणि रोज सकाळी जाऊन बघते. काय बघते मलाच माहीत नाही.

तिकडे घड काळे पडायला लागलेत. शिमग्याला उतरायचेच, थांबून चालत नाही, एकदा का पिकले की पाखरं आणि माश्या. विरजण नसेल तर अजिंक्य पाकिटातली यीस्टची पूड घालणार, ती त्यानं आधीच मागवायची भाषा सुरू केली आहे. रस होईल. नाही असं नाही. पण मग आपली बाटली आणि दुकानातली बाटली ह्यांत फरक फक्त लेबलाचा. मामंजी-सासूबाईंचं ह्या घरात जे काही जिवंत होतं ते एवढंच होतं, मृणाली. फोटो काय, भिंतीवर आहेतच.

आठवून आठवून एकच गोष्ट सापडते. ग्रहणाच्या दिवशी, दिवे लावून झाले होते, वेध लागलेले. तू ओट्याशी येऊन म्हणालीस, "वैनी, नव्या घराला थोडं विरजण द्या." मी म्हटलं, "दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत घराबाहेर, त्यात ग्रहण. गुहागरात काय दूधवाले नाहीत?" तू आल्या पावली परत गेलीस. पळीभर दही दिलं नाही म्हणून एवढा राग धरावा? त्यासाठी घराची बरणी मारावी?

जे झालं ते झालं. तू नेलेलं परत दे. सगळं नको, वाटीभर पुरे. गुरुप्रसाद सुपारी घ्यायला तुमच्या बाजूला येतो, त्याच्याजवळ दे. तो माणूस बरा आहे, डबा उघडणार नाही. तरी झाकणाला दोरा बांध.

गुणवंती

•

कातळवाडी
महाशिवरात्र, १५ फेब्रुवारी २०२६

मृणाली,

गुरुप्रसाद काल दुपारी आला. पडवीतूनच ओरडला, "काकी, गुहागरवाल्यांनी ऐवज दिलाय, सांभाळून." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. डबा घेतला, देवघरात गेले, दार लोटलं. झाकणाला दोरा होता. तो दातानं तोडला.

आत दही.

चांगलं घट्ट लागलेलं. वर तुझी चिठ्ठी, ती इथे उतरून ठेवते, म्हणजे पुढे कुणी असं लिहिलंच नव्हतं म्हणायला नको. "वहिनी, विरजण पाठवलं आहे. उजेडात निघालंय, दिवे लागायच्या आत पोचेल. आमच्या घरी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत."

ह्यांनी विचारलं, "काय पाठवलंय गो?" मी म्हटलं, "दही." हे म्हणाले, "रत्नागिरीत दही मिळत नाही काय आता?" आणि हसत मळ्यात गेले. दही मी टाकलं नाही. उपासाच्या आधी कढी केली. चांगली झाली होती, सगळ्यांनी दोनदा घेतली. ते माझ्या जिवाला जास्त लागलं.

आज शिवरात्र, पोटात काही नाही. अशा वेळी डोकं फार चालतं. तुझी चिठ्ठी परत परत वाचली. "मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत." एवढा डंख पळीभर दह्यासाठी कुणी ठेवत नाही. तुझ्या माहेरी म्हशी आहेत. तुला दह्याचं विरजण माझ्याकडून कशाला हवं होतं?

मग ती संध्याकाळ पुन्हा डोळ्यांपुढे आणली. मी ओट्याशी, दह्याची लोटी माझ्या हाताशी, तिच्यात तुळशीचं पान टाकत होते. तू विरजण म्हणालीस, माझी नजर लोटीकडे गेली. तुझी कुठे होती? मला वाटतं तुझी नजर कोठीच्या दाराकडे होती.

तुला ते विरजण हवं होतं. सासूबाईंचं.

तर मग तसं नीट सांगायचं. "बरणीतलं" म्हणायला तोंड दुखलं असतं? एका घरात दोन गोष्टींना एकच शब्द, मी कसं ओळखायचं? आणि तू म्हणशील, वैनी, तुम्ही विचारायचं होतं कुठलं म्हणून. नाही विचारलं. वेध लागलेले, डोक्यात शंभर कामं, त्यात तुम्ही घर सोडून निघालेले.

तू मागितलंस, मी दिवेलागणीचं कारण सांगून नाही म्हटलं, म्हणजे तुझ्या लेखी थोरल्या जावेनं धाकटीला घराचा वाटाच नाकारला. हे मला आज कळलं. कळलं ते लिहितेय.

पण त्यानं काय बदललं? उलट आता सगळं जास्तच जुळतं. मागून मिळालं नाही म्हणून सकाळी देवाच्या निमित्तानं आत गेलीस, पदराखाली घेतलंस, आणि उरलेल्यात मीठ टाकलंस, की मला मिळालं नाही तर तुम्हालाही नको. माझा अंदाज चुकला असेल तर कळव. पण दही पाठवून उत्तर देणारी बाई निर्दोष असते असं मी तरी बघितलेलं नाही.

डबा घासून गुरुप्रसादकडे परत देतेय. रिकामा डबा देऊ नये म्हणून आत मूठभर तांदूळ आहेत. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

गुणवंती

•

कातळवाडी
होळी पौर्णिमा, ३ मार्च २०२६

चि. सौ. मृणाली,

आज पुन्हा ग्रहण. चंद्र आपल्याकडे उगवेल तेव्हा सुटतच आलेला असेल म्हणतात, पण पंचांगात आहे म्हणजे वेध आले. चूल बंद आहे. तिकडे पालखीच्या सहाणेवर होळीच्या होमाची तयारी चाललीये, ढोल इथपर्यंत ऐकू येतात. मला उठवत नाही. हे पत्र लिहून होईपर्यंत उठणार नाही.

पौर्णिमेला तुळस तोडत नाहीत म्हणून पानं कालच काढून ठेवली होती. आज सकाळी ऋतिका ती घालत होती. मी नेहमीप्रमाणे मागे उभी राहून सांगत होते, "दूध, दही, लोणचं, पाण्याची कळशी, काही राहू देऊ नको गो. ज्यात तुळस नाही ते उद्या सकाळी ओतायचं आणि भांडं मिठानं घासायचं."

ती म्हणाली, "कोठीतली बरणीपण ना आई? मागल्या वेळेसारखी?"

मी म्हटलं, "कुठली बरणी?"

"ती कोपऱ्यातली, चिनीमातीची. गणपतीनंतरच्या ग्रहणाला तुम्ही सगळ्यांत तुळस घातलीत, तिच्यावर पान नव्हतं. मी खळ काढून, फडकं सोडून बघितलं. आत काळा गाळ, वास पण कसातरी. तुम्ही सांगितलं होतं ना, तुळस नाही ते ओतायचं. मग ओतलं. वास जाईना, तीनदा मिठानं घासली. नवं फडकं बांधून जागेवर ठेवली."

"कुठे ओतलंस?"

"केळीच्या बुडात."

मी खाली बसले. ती घाबरली. "आई, काय झालं? चुकलं काय?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? आणि मला वाटलं, त्यात काय सांगायचं. सांगितलेलं काम केलं." मग हळूच म्हणाली, "गाठ पण छान बांधली होती. तुम्हाला आवडेल म्हणून."

तिला काय बोलू? ती मे महिन्यात आली. बरणी पाडव्याला बांधलेली. तिनं आमचा रस बाटलीत बघितलाय, विरजण कधी बघितलेलं नाही. आणि दाखवणार कोण? सूनबाईच्या पोटात गोष्ट राहते की नाही ते अजून कळलेलं नाही म्हणून मीच थांबले होते.

आता तू विचारशील, बरणीत तुळस का नव्हती. पान माझ्या हातात होतं, मृणाली. कोठीच्या दारात उभी राहिले होते. मनात आलं, हा तर दारूचा गाळ, ह्यावर विष्णूची तुळस कशी ठेवू. एरवी रस म्हणते. वाडीच्या राखणदार देवाला दर शिमग्याला पहिला पेला ह्याच रसाचा ठेवते, तेव्हा काही वाटत नाही. त्या दिवशी तेवढी दारू आठवली. पान परत ताटात ठेवलं आणि स्वयंपाकघरात येऊन ऋतिकाला ऐकवलं, तुळस नाही ते ओतायचं.

आणि जानेवारीपासून मी बरणीवर सूप पालथं घालून घरात चोर शोधत बसले. कुणाजवळ बोलले असते तर त्याच दिवशी कळलं असतं. कुणाजवळ बोलले नाही, कारण प्रत्येकावर संशय.

तुला दोन पत्रांत जे लिहिलं ते तुझ्याजवळ आहे. लिहिलेलं राहतं असं मीच म्हटलं होतं. आता ते राहणारच. त्यातली मिठाची ओळ तेवढी तू खोड. मी खोडली असती, पण कागद तुझ्याकडे आहे.

घड परवा उतरायचे आहेत. अजिंक्यनं पाकिटं आणून ठेवलीत. मी त्याला म्हटलं, चार दिवस थांब, रस दोन पिंपांत घाल, एका पिंपाला हात लावू नको. तो म्हणाला, "आई, त्याला काय होणार आहे चार दिवसांत, आंबेल." मी म्हटलं, आंबू दे.

आता एकच विचारायचं आहे. आज दिवसभर देवाजवळ बसून मी एकच मागतेय, आणि असलं मागणं मी जन्मात मागितलं नव्हतं. माझ्या घरात चोरी झालेली असू दे.

तू नेलंस ना? रात्री, सकाळी, कधीही. पदराखाली तेच होतं ना? अजिंक्य म्हणाला तो वास खोटा नसणार, आजोबांचं नाक आहे त्याचं. नेलं असशील तर मी तुझे पाय धरते. नेलं नसशील तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे मी त्या दुसऱ्या पिंपाची वाट बघणार नाही.

दोरा-बिरा काही बांधू नकोस. गुरुप्रसादनं उघडलं तर उघडू दे.

तुझी
गुणवंती वहिनी

•

कातळवाडी
रंगपंचमी, ८ मार्च २०२६

चि. सौ. मृणाली,

तुझं पाकीट मिळालं. गुरुप्रसाद म्हणाला, "काकी, ह्या वेळी हलकं आहे." हातात घेतलं तर खरंच काही नव्हतं. मला वाटलं, तू रिकामं पाठवलंस. तसं पाठवलं असतंस तरी मी काही म्हणणार नव्हते.

फडकं निघालं. अर्धं, कडेला फाडलेलं, जांभळ्या डागांचं.

सोबतची चिठ्ठी मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. अजिंक्यला बोलावलं. ऋतिकालाही. आता ह्या घरात बंद दारामागे वाचायचं नाही असं ठरवलंय. अर्ध्यात कागद मी ऋतिकाकडे दिला, पुढचं तिनं वाचलं. तू लिहिलंस तेच परत लिहिते, कारण ते माझ्या हातानं एकदा लिहिलं जायला हवं.

"वहिनी, मी काही नेलं नाही. तुम्हीच दिलंत. माझी ओटी कशात बांधून दिलीत ते आठवा. नारळ आणि तांदूळ, आणि वर गुंडाळलेलं रस गाळायचं जुनं फडकं. खण नव्हता. टेम्पोवाला बघत होता, हे गाडीत बसलेले. थोरल्या जावेनं धाकटीची बोळवण असल्या फडक्यात केली हे कुणाला दिसू नये, म्हणून परत आत गेले, देवाजवळ डोळे पुसले आणि ते पदराखाली धरून गाडीत बसले. घरी येऊन फेकणारच होते. नारळ काढला आणि फडक्याला घराचा वास आला. मग ट्रंकेत ठेवलं. जानेवारीत द्राक्षांच्या गाड्या लागल्या तेव्हा शेरभर आणली, रस काढला आणि फडकं त्यात बुडवून बघितलं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे येऊन बोलायला लागलं. हे म्हणाले, आईची बरणी अशीच बोलायची."

मृणाली, कपाटात नवा खण होता. हिरवा, नारळी काठाचा. तो मी त्या सकाळी काढलाही होता. मग तुम्ही पितृपक्षात निघताय, माझं ऐकत नाही, ह्याचा राग आला आणि खण परत ठेवला. मनाला सांगितलं, उगाच कशाला, फडकंही मजबूत आहे. पहिल्या पत्रात लिहिलं की हात आखडला नाही. तुझ्या हातात ते पत्र असेलच.

ते गाळण कधी साबणानं धुवायचं नाही, नुसतं वाळवायचं, हा सासूबाईंचाच नियम, म्हणून त्यात विरजण वाळून जिवंत राहिलं. नवा खण दिला असता तर आज ह्या घरात काही उरलं नसतं. हे बरं झालं असं मला म्हणवत नाही. तुला त्या फडक्यानं रडवलं.

अजिंक्यनं फडकं हातात घेतलं, नाकाला लावलं आणि दुसऱ्या पिंपाकडे गेला. सोडायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी नाही, ऋतिका सोडेल. तिला म्हटलं, ही बरणी आता तुझीपण. आधी बघून घे काय असतं ते. तिनं फडकं रसात सोडलं आणि विचारलं, "आई, ह्यात तुळस घालायची?"

सगळे हसले. मीपण.

गुणवंती वहिनी

•

कातळवाडी
गुढीपाडवा, १९ मार्च २०२६

चि. सौ. मृणाली,

गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आणि पहिलं काम हे पत्र.

बोलतंय. तिसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी बोललं. मधल्या दोन दिवसांत मी पुन्हा काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. दुसरंच कुठलं फडकं फाडून पाठवलं असेल इथपर्यंत गेले होते. सवय आहे, एकदम जाणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी ऋतिकानं पिंपाला कान लावला आणि मला हाक मारली. मी कान लावला. सासूबाई चुलीशी बसून पुटपुटायच्या ना, तसं. हे आले, पळीभर जिभेवर घेतलं आणि बराच वेळ तोंडातच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सुजयला फोन लाव." लावला होता, तुला कळलं असेल.

पालखी यंदा आपल्याकडे उशिरा आली. राखणदाराला पेला ठेवला, पण त्यात गेल्या वर्षीचा रस. देवापुढच्या गाऱ्हाण्यात तुमचं नाव घ्यायला सांगितलं, "थोरलं घर नि धाकटं घर," असं. गुरवानं दोनदा विचारलं, धाकटं घर कुठलं. सांगितलं, गुहागरचं.

आज बरणी बांधायचा दिवस. खळ लिंपली, आणि गाठ ऋतिकाची, फुलासारखी. राहू दे तशीच.

तू अर्धं फडकं ठेवून घेतलंस. पाकीट उघडलं तेव्हा पहिला विचार तोच आला होता, अर्धं का. आता वाटतं, बरं केलंस. असली वस्तू एका घरात ठेवू नये, विशेषतः ज्या घरात मी आहे.

हिरवा खण कपाटातून काढून देवघरात ठेवलाय. तो पोस्टानं पाठवणार नाही, पाकिटातून नाही आणि गुरुप्रसादकडून तर नाहीच. तुझी ओटी भरायची आहे ती समोर बसवून. सुजय भाऊजींना म्हणावं, आरे-वाऱ्याच्या रस्त्यानं या, आता चांगला झालाय.

सकाळी निघा म्हणजे उजेडात पोचाल. नाही जमलं, वाटेत वेळ झाला, दिवे लागून गेले, तरी ये. दार उघडं असेल आणि मागशील ते विरजण मिळेल. कुठलं हवं ते मात्र ह्या वेळी मी विचारीन.

तुझीच
गुणवंती